साक्षीदाराने खरोखर काय पाहिले?

समजा, शाळेसमोर दोन मोटारींची टक्कर झाली आणि ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली. आठवड्याने कोणी त्याबद्दल विचारले, तर पाहिले तेच आपण सांगू, अशी तुमची खात्री असेल. पण आठवण म्हणजे कपाटात जपून ठेवलेले छायाचित्र नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना मन ती नव्याने जुळवते आणि मधल्या काळात कानांवर पडलेले शब्दही तीत मिसळू शकतात.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिती दाखवल्या आणि मोटारींचा वेग विचारला. प्रश्न एकच, फक्त क्रियापद निराळे. 'जोरात आदळल्या तेव्हा' असे विचारलेल्यांनी सरासरी वेग ताशी सुमारे ४० मैल सांगितला. 'एकमेकींना लागल्या तेव्हा' असे विचारलेल्यांनी सुमारे ३२ मैल.

दुसऱ्या प्रयोगात १५० विद्यार्थी होते. एका आठवड्यानंतर त्यांना विचारले, "फुटलेली काच पाहिलीत का?" फितीत फुटलेली काच नव्हतीच. तरीही 'जोरात आदळल्या' हे शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'होय' म्हणाले. 'धडकल्या' हा सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांत असे ७ निघाले आणि ज्यांना वेग विचारलाच नव्हता, अशा ५० जणांत ६. हे विद्यार्थी खोटे बोलत नव्हते, हे ध्यानात घ्या.

प्रश्नातच उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नाला कायद्यात 'सूचक प्रश्न' म्हणतात. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात साक्षीदाराच्या सरतपासणीत असे प्रश्न विचारण्यावर बंधन होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. उलटतपासणीत मात्र सूचक प्रश्न विचारता येतात. पण साक्षीदार न्यायालयात उभा राहतो तो घटनेनंतर कित्येक महिन्यांनी. शेजारी आणि पोलीस यांच्या प्रश्नांतून त्याची आठवण त्याआधीच बदललेली असू शकते. म्हणून पहिला प्रश्न 'तुम्ही काय पाहिले?' एवढाच असावा.

ही काळजी न घेतल्यास काय होते? अमेरिकेत १९८९ पासून डीएनए चाचणीमुळे शेकडो कैदी निर्दोष ठरले. त्यांतील निम्म्याहून अधिक खटल्यांत साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखले होते. निरपराध माणसाची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली आणि खरा गुन्हेगार मोकळा राहिला.

येथे तीन विद्याशाखा एकत्र येतात. आठवण कशी घडते, हे मानसशास्त्र सांगते. कोणता पुरावा ग्राह्य, हे विधिशास्त्र ठरवते. गुन्हे का घडतात आणि समाज, पोलीस व तुरुंग त्यांना कसे तोंड देतात, याचा अभ्यास गुन्हेशास्त्र करते. बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम घेता येतो. किंवा आधी मानसशास्त्राची पदवी घेऊन नंतर तीन वर्षांचा.

करून पाहा : वर्गाला एक चित्र अर्धा मिनिट दाखवा. मग निम्म्या मुलांना विचारा, "चित्रात छत्री होती का?" आणि उरलेल्यांना, "छत्रीचा रंग कोणता होता?" चित्रात छत्री नसावी. उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि न दिसलेली छत्री किती जणांना आठवली, ते मोजा.