दोष असेल तर उजेड

‘निर्दोष’ हा शब्द आपण कलाशाखेचे विद्यार्थी स्तुतीसाठीच वापरतो. निर्दोष वृत्त, निर्दोष भाषा, निर्दोष चारित्र्य! परंतु पदार्थांचा एक वर्ग असा आहे की, त्यांच्या घडणीत दोष नसेल तर ते बहुधा अंधारेच राहतात. या पदार्थांना ‘फॉस्फर’ म्हणतात. नावावरून वाटते तसा त्यांत फॉस्फरस असलाच पाहिजे असे नाही. बाहेरून मिळालेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत करणे हा त्यांचा धर्म. ट्यूबलाइटच्या नळीला आतून लावलेली पांढरी पूड हे त्यांचे सर्वपरिचित उदाहरण.

सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील बोलोन्या येथील कास्क्यारोलो नावाच्या एका चांभाराने जवळच्या डोंगरातला जड दगड कोळशाबरोबर भाजला. उन्हात ठेवून अंधारात नेल्यावर तो दगड निखाऱ्यासारखा दिसू लागला. भाजल्यामुळे त्याचे बेरियम सल्फाइड झाले होते. पण प्रकाशाचे श्रेय त्यात नकळत मिसळलेल्या अत्यल्प तांब्याचे आहे, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

हे घडते कसे? स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तबद्ध मांडणी. त्यातील इलेक्ट्रॉनांसाठी जणू एक दुमजली घर असते. खाली जमीन, वर माळा, आणि मध्ये उभे राहण्यास जागाच नाही. क्ष-किरणांसारखी ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन माळ्यावर जातो. मांडणीत कोठे एखादा अणू गळलेला असेल किंवा परका अणू घुसलेला असेल, तर मधल्या भिंतीत एक कोनाडा तयार होतो. खाली येताना इलेक्ट्रॉन त्यात अडकतो. कोनाडा उथळ असेल तर खोलीतील साधी उष्णताही त्याला बाहेर काढते व पदार्थ काही काळ मंद चमकत राहतो. कोनाडा खोल असेल तर इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे, कधी हजारो वर्षे, तेथेच राहतो. तापविल्यावरच तो सुटतो आणि साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. याला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात.

माझी थोरली बहीण एका रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. कामावर असताना ती छातीशी एक लहानसा बिल्ला लावते. दर तीन महिन्यांनी तो तपासणीसाठी जातो. त्यात काय असते, या कुतूहलातून मी या विषयाकडे वळले. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बिल्ल्यात तीन चकत्या असतात. त्यांत कॅल्शियम सल्फेट असते, म्हणजे जिप्समचाच निर्जल भाऊबंद, आणि त्यात किंचित डिस्प्रोसियम मुद्दाम मिसळलेले असते. कॅल्शियमवर दोन धनभार, तर डिस्प्रोसियमवर तीन. हा हिशेब जुळावा म्हणून स्फटिकात काही ठिकाणी कॅल्शियमची जागा रिकामी राहते. तीन महिन्यांत अंगावर पडलेल्या किरणांची नोंद स्फटिकातील अशा दोषांत साठते. चकती तापविली की सुमारे २२० अंश सेल्सिअसला प्रकाश सर्वाधिक होतो. तो मोजला की मात्रा कळते. भारतात अशा कामगारांसाठी कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, आणि पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० च्या वर जाता कामा नये. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला जाणवत नाहीत. त्यामुळे मर्यादा पाळली गेली की नाही, याची साक्ष स्फटिकातला दोषच देतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तर हाच दोष घड्याळासारखा उपयोगी पडतो. मातीच्या भांड्यात क्वार्ट्झचे कण असतात. कुंभाराच्या भट्टीत त्यांचे सारे कोनाडे रिकामे होतात. पुढे मातीतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणांनी ते पुन्हा भरू लागतात. समजा, खापरात एकूण ६ ग्रे मात्रा साठली आहे आणि वर्षाला ३ मिलिग्रे पडते. तर भांडे २००० वर्षांपूर्वी भाजले गेले. मात्र ते भांडे नंतर एखाद्या आगीत सापडले असेल, तर घड्याळ त्या आगीपासूनची वर्षे सांगते. पुरावा वाचताना ही सावधगिरी आपल्याला नवी नाही.

तथापि प्रत्येक दोष उपकारक नसतो. झिंक सल्फाइडमध्ये तांबे घातले तर हिरवा प्रकाश मिळतो. पण लोह, कोबाल्ट वा निकेल दशलक्षात काही अंश जरी शिरले तरी उजेड मंदावतो, कारण ऊर्जा उष्णतेच्या वाटेने निघून जाते. डिस्प्रोसियमही प्रमाणाबाहेर झाले की तेच घडते. म्हणून फॉस्फर बनविणारे रसायनशास्त्रज्ञ आधी पदार्थ कमालीचा शुद्ध करतात आणि मग त्यात निवडून, मोजून अशुद्धी घालतात. दोष कोणता, कोठे आणि किती, यावर सारा उजेड अवलंबून आहे.