क्लचचे पेडल : पायाखालची तरफ

कल्याणच्या पत्री पुलावर मोटारींची रांग लागली आहे. एक चालक डावा पाय दाबतो, गिअर टाकतो, पाय हळूहळू सोडतो आणि गाडी सरकते. शेजारच्या स्वयंचलित गिअरच्या गाडीत डाव्या पायाला कामच नाही. तेथे क्लचचे पेडलच नसते. मग अशा गाडीला तिसरे पेडल बसवले, तर ती हाताने गिअर टाकण्याची होईल का?

क्लच काय करतो?

इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला फ्लायव्हील म्हणतात. त्यावर घर्षण-तबकडी स्प्रिंगने घट्ट दाबलेली असते, म्हणून इंजिनाची गती गिअरपेटीत जाते. पेडल दाबले की स्प्रिंगचा दाब सुटतो, तबकडी मोकळी होते व गिअर बदलता येतो.

स्वयंचलित गाडीत हे काम तेल करते. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते. म्हणून नुसते पेडल पुरत नाही. गिअरपेटी, फ्लायव्हील व क्लच हे सारेच बदलावे लागते. रुंद ब्रेकपेडलही अरुंद करावे लागते.

थोडे गणित

पेडल ही तरफच. समजा, टेकूपासून पाय ३० सेंमी व केबलचा आकडा ६ सेंमी अंतरावर आहे. यांत्रिक फायदा ३० ÷ ६ = ५. क्लचजवळच्या दुसऱ्या तरफेचा फायदा २ धरला, तर एकूण १०. स्प्रिंग सोडवण्यास १०० किलोग्रॅम भार लागत असेल, तर पायाला १० किलोग्रॅम पुरे. पण क्लचपाशी ८ मिमी सरकायला पाय ८० मिमी खाली जातो!

आकडा ३ सेंमीवर लावला तर? जोर निम्मा, ५ किलोग्रॅम; परंतु पाय १६० मिमी जायला हवा. त्याआधीच पेडल तळाला टेकते, क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतात. आकडा १० सेंमीवर लावला, तर जवळजवळ १७ किलोग्रॅम जोर लागेल. वाहतुकीच्या कोंडीत पाय भरून येईल. जोरात वाचवलेले अंतरात मोजावे लागते. कार्य फुकट मिळत नाही.

केबलच्या क्लचमध्ये पेडलला सुरुवातीची थोडी मोकळी चालही ठेवतात. ती नसली, तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो, तबकडी घसरते व जळका वास येतो.

एक धोका

स्वयंचलित गाडी ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्येच सुरू होते, कारण तेथे एक स्विच असतो. बदल करताना त्याच्या तारा सरळ जोडून टाकल्या, तर गिअरमध्ये असलेली गाडी किल्ली फिरवताच उडी घेईल. समोर कोणी उभे असेल तर? म्हणून पेडल दाबल्यावरच जुळणारा स्विच क्लचपाशी बसवावा. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरफारांवर बंधने घालते, आधी आर.टी.ओ.कडे चौकशी करावी.

डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावरील प्रीमियरच्या कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ मोटारी बनत. तेथील असो वा आजची, क्लचपेडलाच्या प्रत्येक मोटारीत नियम हाच.

करून पाहा

३० सेंमीची पट्टी पेन्सिलीवर टेकवा. एका टोकावर पुस्तक ठेवा. पेन्सिल पुस्तकाच्या टोकापासून प्रथम ५, मग १० सेंमीवर ठेवून दुसरे टोक दाबा. जोर केव्हा कमी लागला? पुस्तक केव्हा जास्त उचलले गेले?