अविवाहितांचा वारसा

ज्याने संसार मांडला नाही त्याने मागची तजवीज ती कसली करावयाची, ही समजूत आपल्या मध्यमवर्गीय समाजात इतकी खोल रुजली आहे की, मुलाबाळांनी भरलेल्या घरातले गृहस्थ एकवेळ उतारवयात वकिलाकडे जाऊन मृत्युपत्राचा मसुदा करून घेतात. परंतु ज्यांना जोडीदार नाही, अपत्य नाही आणि ज्यांच्या मिळकतीचे पुढे काय होणार हा प्रश्न खरोखरीच अनिर्णित आहे, ती एकटी माणसे मात्र हा विषय निघताच दुसरे बोलू लागतात. वस्तुतः गरज नेमकी त्यांनाच अधिक आहे. विवाहित मनुष्य मृत्युपत्रावाचून वारला तरी कायदा त्याची मिळकत बहुधा त्याच्या पत्नीकडे व मुलांकडे नेतो, आणि त्याच्या मनातही बहुतांशी तेच असते. अविवाहिताच्या बाबतीत मात्र कायद्याने केलेली वारसांची यादी आणि त्याने स्वतः आयुष्यभर जोडलेली माणसे यांचा मेळ बसेलच असे नाही, आणि जेथे तो बसत नाही तेथे यादीच प्रमाण ठरते. माझ्या थोरल्या आत्याच्या निधनानंतर आमच्या घराण्यात जे घडले ते मी अगदी जवळून पाहिले. मीही अविवाहित असल्यामुळे त्याचा अर्थ मला इतरांहून लवकर कळला असावा. आणि तो माझ्यासारख्या इतरांच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आत्या पुण्यात मुलींच्या एका शाळेत शिक्षिका होती. तिच्याच शाळेत शिकविणाऱ्या, तिच्यासारख्याच अविवाहित अशा एक सहशिक्षिका तिच्या बिऱ्हाडात राहावयास आल्या त्या कायमच्याच. आम्ही मुले त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत असू. पुढे दोघींनी मिळून एका सहकारी गृहरचना संस्थेत दोन खोल्यांची सदनिका घेतली. निम्मे पैसे बाईंनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून घातले. परंतु करारनामा झाला तो आत्याच्या एकटीच्या नावाने, संस्थेचे भागपत्रही तिच्याच नावाने निघाले, आणि आपण पैसे दिले याचा कागद करून मागावा, ही गोष्ट बाईंच्या स्वभावातच नव्हती. आत्याच्या दोन्ही मोठ्या आजारपणांत रात्री जागल्या त्या बाई, आणि शेवटल्या वर्षांत तिला हाताला धरून गच्चीवर नेऊन बसविले तेही बाईंनीच. माझ्या आईने एकदा आत्याजवळ कागदपत्रांचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, घर बाईंचंच आहे, हे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कागद कशाला हवा? तुम्ही का कोणी परके आहात?” आपल्या माणसांवरचा हा विश्वास खरा होता आणि उदात्तही होता, परंतु कायद्याच्या दरबारात त्याला किंमत नव्हती, कारण तोंडाने बोललेली इच्छा ही कितीही जणांनी ऐकलेली असली तरी मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही.

आत्या गेली तेव्हा तिचे आईवडील हयात नव्हते. माझे वडील आणि थोरले काका हे तिचे दोन्ही भाऊ तिच्या आधीच निवर्तले होते, आणि इंदूरला दिलेली धाकटी आत्या तेवढी मागे होती. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 यातील कलम 15 प्रमाणे अविवाहित स्त्रीची मिळकत प्रथम तिच्या आईवडिलांकडे जाते. ते नसल्यास तिच्या पित्याच्या वारसांकडे, आणि तेही नसल्यास मातेच्या वारसांकडे. पित्याचे वारस ठरविताना जणू ती मिळकत त्या पित्याचीच होती आणि तो आपल्या मुलीच्या पाठोपाठ वारला, असे धरून चालावयाचे असते. या हिशेबाने आत्याच्या मिळकतीचे तीन सारखे वाटे झाले: एक धाकट्या आत्याचा, दुसरा थोरल्या काकांच्या शाखेचा, म्हणजे काकू व त्यांचे दोन मुलगे यांचा, आणि तिसरा आमच्या शाखेचा, म्हणजे माझी आई व मी यांचा. काकांचा धाकटा मुलगा अमेरिकेत स्थायिक झालेला होता व आत्याचा चेहरा त्याला धड आठवतही नव्हता. तरीही तो वारस ठरला. बाई कोणत्याच शाखेत बसत नव्हत्या, म्हणून त्या कोणीच ठरल्या नाहीत.

याच घराण्यात आत्याच्या जागी एखादा अविवाहित भाऊ वारला असता तर निकाल अगदीच निराळा लागला असता, हे मला वकिलांनी समजावून दिले तेव्हा मी चकित झाले. पुरुषाच्या बाबतीत आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे, त्यामुळे अविवाहित मुलाची सर्व मिळकत हयात आईला जाते आणि पित्याचा क्रम त्यानंतर लागतो. दोघेही नसल्यास भाऊ व बहीण यांची पायरी येते, आणि पुतणे, पुतण्या, भाचे, भाच्या त्याच्याही खाली असतात. वरच्या पायरीवरील एकही वारस हयात असला की खालच्यांना काही मिळत नाही. म्हणजे धाकट्या आत्याला सर्व मिळाले असते, आणि दिवंगत भावांच्या मुलांना, मग त्यांनी काकाची कितीही सेवा केलेली असो, कपर्दिकही मिळाली नसती. पुतण्याला पोटच्या मुलासारखे वाढविणारे अविवाहित काका आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांनी हे विशेषेकरून ध्यानात घ्यावे.

आमच्या घरी तंट्याला तोंड फुटले ते नामनिर्देशनावरून. आत्याने फार वर्षांपूर्वी संस्थेच्या दप्तरी थोरल्या काकांच्या मोठ्या मुलाचे नाव ‘नॉमिनी’ म्हणून लावून ठेवले होते, आणि त्यामुळे सदनिका आपलीच झाली, असे त्याने प्रामाणिकपणे धरले. हा समज सार्वत्रिक आहे आणि म्हणूनच घातक आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी जी तरतूद आता आहे, तिच्याप्रमाणे नॉमिनीला मिळते ते केवळ तात्पुरते सभासदत्व. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने जिच्याकडे जावयाची तिच्याकडेच जाते. कंपन्यांच्या समभागांबाबतही नॉमिनी हा मालक होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये दिला. आयुर्विम्याचा कायदा 2015 साली बदलला आणि विमेदाराने आईवडील, पती वा पत्नी किंवा अपत्ये यांचे नाव लावले असल्यास ती रक्कम त्यांच्या स्वतःच्या हक्काची होते, असे ठरले. परंतु या सवलतीच्या यादीत भाऊ नाही, बहीण नाही, भाचा नाही आणि मैत्रीणही नाही, म्हणजे अविवाहित मनुष्य ज्यांची नावे बहुधा लावतो त्यांतले कोणी नाही. नामनिर्देशन अवश्य करावे, कारण त्यामुळे पैसे हाती पडणे सुलभ होते. मात्र ते करून मृत्युपत्राचे काम भागले असे कोणी मानू नये.

पुढचे थोडक्यात सांगते. मुदत ठेवींवर कोणाचेच नाव नसल्यामुळे दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागले. त्यासाठी जाहीर नोटीस, परदेशातील चुलतभावाचे मुखत्यारपत्र, सर्व वारसांची संमतिपत्रे, असा पसारा झाला. वाई तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीच्या सातबारावर वारसांची नावे चढविण्यासाठी तलाठ्याच्या दप्तरी वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि फेरफार यांचे निराळेच प्रकरण उभे राहिले. सदनिका बाईंकडे त्यांच्या हयातीपर्यंत तरी राहू द्यावी, असे माझ्या आईने व धाकट्या आत्याने पुष्कळ विनविले. परंतु एका शाखेला आपला वाटा रोख हवा होता, आणि कायद्याने तो मागण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. घर विकले गेले. वयाची पंचाहत्तरी उलटलेल्या बाई सोलापूरला आपल्या भाचीकडे राहावयास गेल्या. या सर्व प्रकरणात कोणी लबाडी केली नाही, कोणी खोटा कागद केला नाही. सर्व काही कायदेशीर झाले, आणि तरीही त्या घराच्या मालकिणीची जी एकमेव इच्छा होती, तेवढीच अपुरी राहिली.

हे टाळण्यासाठी जे लागते ते फार थोडे आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 यातील कलम 63 ची अपेक्षा इतकीच की, मृत्युपत्र करणाराने त्यावर सही किंवा अंगठा करावा, आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून किंवा त्याच्या तोंडून तिची कबुली घेऊन त्याच्यासमक्ष आपल्या सह्या कराव्यात. करणारा अठरा वर्षांचा व शुद्धीवर असला पाहिजे. मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वहस्ताक्षरात लिहिलेले मृत्युपत्र पूर्णतः वैध असते. नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि अविवाहितांनी ती दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी असा माझा आग्रह आहे, कारण दूरचे वारस असंतुष्ट असतात तेव्हा पहिला आक्षेप सहीच्या खरेपणावर येतो. याच कारणाने, वय झाले असल्यास आपण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा घ्यावा, आणि साक्षीदार आपल्याहून वयाने लहान व मिळकतीत काहीही न मिळणारे निवडावेत.

मसुदा करताना मिळकतीचे वर्णन संदिग्ध ठेवू नये. जमिनीचा गट क्रमांक, सदनिकेचा क्रमांक व संस्थेचे नाव, ठेवी कोणत्या बँकेत, दागिने कोठे, हे सर्व लिहावे. आणि शेवटी ‘याखेरीज माझी जी काही स्थावर-जंगम मिळकत निघेल ती अमुक व्यक्तीस मिळावी’ हे वाक्य अवश्य घालावे, नाहीतर राहून गेलेली मिळकत पुन्हा त्या यादीकडेच जाते. ज्याला द्यावयाचे तो आपल्याआधी वारला तर त्याच्या जागी कोण, हेही नमूद करावे. एकट्या माणसांचे जिवलग बहुधा त्यांच्याच वयाचे असतात. बरोबर राहणाऱ्या व्यक्तीला घर कायमचे द्यावयाचे नसेल तर तिला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क देऊन त्यानंतर ते पुतणीला वा एखाद्या संस्थेला द्यावे, अशी व्यवस्था करता येते. आमच्या आत्याने एवढे एक कलम लिहिले असते तरी बाईंना तेथून कोणी हलवू शकले नसते. संस्थेला दान द्यावयाचे तर तिचे नोंदणीतील नाव जसेच्या तसे लिहावे. हे सर्व पार पाडणारा एक्झिक्युटर नेमावा, त्याची संमती आधी घ्यावी, आणि मूळ कागद कोठे ठेवला आहे ते त्याला सांगून ठेवावे.

वडिलोपार्जित मिळकतीत आपल्याला काय अधिकार, असे अविवाहित भगिनी पुष्कळदा विचारतात. महाराष्ट्राने 1994 मध्ये कायदा दुरुस्त करून, तोवर विवाह न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्वच मुलींना मिळाला; असा हिस्साही मृत्युपत्राने देता येतो. इतर धर्मीयांचे नियम थोडे निराळे आहेत. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीवाचून साधारणतः एक तृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती व पारशी व्यक्तीने विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाह होताच रद्द होते, म्हणून उशिरा लग्न करणारांनी ते नव्याने करावे. गोव्याचा वारसा कायदा पोर्तुगीज परंपरेतून आलेला असून तेथे हयात आईवडिलांचा हिस्सा राखीव असतो. तेथील वाचकांनी तेथल्याच वकिलाचा सल्ला घ्यावा.

आणखी एक सूचना. मृत्युपत्र अमलात येते ते मरणानंतरच. इस्पितळात आपण बोलू शकत नसताना आपल्या वतीने कोणी बोलावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वैद्यकीय उपचारांविषयीचे आगाऊ इच्छापत्र मान्य केले आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करून घेता येते. त्यात आपल्या विश्वासाच्या व्यक्तीचे नाव घालता येते, मग ती नात्याची असो वा नसो.

यासाठी साठीची वाट पाहू नये. ज्या वर्षी स्वतःच्या नावाने पहिली मिळकत होईल त्याच वर्षी पहिले मृत्युपत्र करावे. नाती बदलली, मिळकत बदलली की नवे करावे आणि जुने सर्व रद्द केल्याचे त्यात स्पष्ट लिहावे, कारण शेवटचेच खरे धरले जाते. लग्न न करण्याचा निर्णय आपल्या समाजात सहज पचत नाही. तो निभावून नेताना या माणसांनी आपले घर कोठे करावयाचे, कोणाबरोबर राहावयाचे, कोणाला आपले म्हणावयाचे, हे सर्व स्वतःच्या बुद्धीने ठरविलेले असते. अशा स्वतंत्रपणे जगलेल्या आयुष्याचा शेवटचा निर्णय तेवढा 1956 च्या एका अनुसूचीने घ्यावा, हे त्या आयुष्याला शोभत नाही. आणि ज्यांनी त्या आयुष्याला सोबत दिली त्यांच्यावर तर तो उघड अन्याय आहे.