घड्याळाची पाठ

प्रस्तावना

नाणी व टपाल तिकिटे यांप्रमाणे जुनी मनगटी घड्याळे जमवण्याचा छंदही जगभर आढळतो. त्यांत जपानी स्वयंचलित घड्याळांना विशेष स्थान आहे. संग्राहक अशा घड्याळाची पारख कशी करतो, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

मूळ पाठ

किनतारो हत्तोरी यांनी १८८१ साली टोकियोत घड्याळांचे दुकान थाटले. त्यातूनच पुढे 'सेइको' हा उद्योग उभा राहिला. १९५६ साली सेइकोने आपले पहिले स्वयंचलित मनगटी घड्याळ तयार केले. अशा घड्याळाला रोज चावी द्यावी लागत नाही आणि त्यात सेलही नसतो. आत एक अर्धवर्तुळाकार वजन असते. मनगट हलले की ते फिरते आणि मुख्य कमान गुंडाळली जाते. १९५९ मध्ये आलेल्या 'मॅजिक लिव्हर' या साध्या रचनेमुळे वजन कोणत्याही दिशेने फिरले तरी कमानीला चावी मिळू लागली. १९६३ साली वार व तारीख एकाच खिडकीत दाखवणारे 'सेइको ५' बाजारात आले.

१९६९ साली सेइकोने ६१३९ क्रमांकाचे, सेकंद मोजण्याची सोय असलेले स्वयंचलित यंत्र आणले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सेलवर चालणारे क्वार्ट्झ मनगटी घड्याळही सेइकोनेच विक्रीस ठेवले. ते अधिक अचूक होते. पुढे क्वार्ट्झ स्वस्त झाले आणि कमानीची घड्याळे मागे पडली. ज्यांची उपयुक्तता ओसरली, तीच आज संग्राहक शोधत असतात.

जाणकार संग्राहक प्रथम घड्याळाची पाठ वाचतो. मागील झाकणावर '६१३९-६००२' असे आकडे असतील, तर पहिले चार यंत्राचा व नंतरचे चार बाह्य पेटीचा क्रमांक सांगतात. त्याशिवाय एक अनुक्रमांक असतो. त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक व दुसरा महिना दर्शवतो. अनुक्रमांक ३५ ने सुरू होत असेल, तर वर्षाचा शेवटचा अंक ३ आणि महिना मे. पण साल १९६३, १९७३ की १९८३? ६१३९ हे यंत्र १९६९ साली आले व सत्तरच्या दशकात बनत राहिले. म्हणून उत्तर १९७३.

खरी कसोटी तबकडीची असते. झिजलेल्या तबकडीवर नवा रंग चढवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेली घड्याळे आपल्याकडूनही परदेशी जातात. तेथील संग्राहकांत त्यांना 'मुंबई स्पेशल' असे नाव पडले आहे. त्यांची अक्षरे जाड व वेडीवाकडी असतात. कधी कंपनीने न वापरलेला रंगही दिसतो. बंद पडलेले घड्याळ पुन्हा चालू करणाऱ्या कारागिराचे कौशल्य आदरणीयच आहे. मात्र नवा रंग दिल्याचे ग्राहकापासून लपवणे ही फसवणूक होय. म्हणूनच संग्राहक चकचकीत नव्या रंगापेक्षा डाग पडलेली मूळ तबकडी अधिक मोलाची मानतो. त्या डागांत घड्याळाचे खरे वय दिसते.

शब्दार्थ

तबकडी – घड्याळाचा दर्शनी भाग
पारख – खऱ्याखोट्याची परीक्षा

पाठगत प्रश्न

१. स्वयंचलित घड्याळाची कमान कशी गुंडाळली जाते?
२. ६१३९ यंत्राच्या घड्याळाचा अनुक्रमांक ४७ ने सुरू होतो. त्याचे साल व महिना सांगा.
३. 'दुरुस्ती आणि फसवणूक' यांतील फरक तुमच्या परिसरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.