माळ आणि मद्याची ओढ

माळ घातली की दारू सुटली पाहिजे, हे वारकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेहून तसा नेम घेऊन घरी परतणारे असतात. पुढे एखाद्याचा नेम मोडतो आणि गाव म्हणते, ‘याचा निश्चयच कच्चा!’ आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो.

मेंदूतील पेशी एकमेकींशी रसायनांवाटे बोलतात. ‘गाबा’ हे रसायन त्यांना शांत करते, ‘ग्लुटामेट’ चेतवते. नाशिकच्या द्राक्षांची वाइन असो की गुळाची हातभट्टी, आतले मद्यार्क एकच. ते गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटचा दाबते; म्हणून काळजी सैल पडते, अन् जीभही. शिवाय डोपामिन उसळते. ते ‘हे पुन्हा कर’ अशी खूण मेंदूत कोरून ठेवते. मग तोच रस्ता, तोच सोबती, तीच दिवेलागण पुढे आली की ओढ लागते. सर्वांना सारखीच लागते असेही नाही. व्यसन जडण्याच्या धोक्यात सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो.

आता रोज पिणाऱ्याचे पाहा. गाडी एका अंगास कलली की गाडीवान दुसऱ्या अंगास रेलतो, तसा मेंदू गाबाला कमी दाद देतो व ग्लुटामेटला जास्त. अशात ओझे एकदम काढले तर गाडीवानच कोलमडायचा! काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. दोन-तीन दिवसांनी नसलेली माणसे, किडे दिसू लागतात. दिंडीत असे झाले तर लोक अंगारा लावतात. अहो, ही बाहेरची बाधा नव्हे! वेळीच उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो.

म्हणून वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने नेम जरूर घ्यावा, पण दारू एकाएकी बंद करण्याआधी डॉक्टरांस गाठावे. झटके टाळणारी औषधे काही दिवस देऊन ती हळूहळू कमी करता येतात. थायमिन हे जीवनसत्त्वही देतात. ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन हे औषधही आहे, मात्र ते डॉक्टरांनीच ठरवायचे. पुण्यास अनिल व अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण याच कामासाठी आहे.

थरथर आठवडाभरात बहुधा ओसरते. झोपेची घडी बसावयास मात्र आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर माणूस चिडतो, जेवणावरून उठतो. घरच्यांनी त्याची माळ काढून घेण्याची घाई करू नये.