तंबोरा बोलतो कसा?

तंबोऱ्याच्या चारही तारा सुरात लावल्या आहेत, तरी तो 'बोलत' नाही, असा अनुभव गाणे शिकणाऱ्यांना कधी कधी येतो. तार छेडावी तर कोरडा आवाज निघतो आणि लगेच विरतो. अशा वेळी दोष बहुधा तारेत किंवा खुंटीत नसतो. तो असतो घोडीत.

भोपळ्याच्या तबलीवर बसवलेली आणि तारांना आधार देणारी ती घोडी. गिटारची तार एका अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा मात्र चांगला रुंद असतो. तो सपाट दिसला तरी त्याला अगदी किंचित बाक दिलेला असतो. हीच जवारी. प्रत्येक तारेखाली, घोडीच्या माथ्यावर, एक बारीक दोराही सरकवलेला असतो.

आता थोडे गणित करू. खर्जाची तार सेकंदाला 100 कंपने करते असे समजा. त्याच वेळी ती 200, 300, 400, 500 अशीही कंपने करीत असते. हे तिचे उपस्वर. यांतील 400 चा स्वर म्हणजे वरचा सा. 500 आणि 400 यांचे गुणोत्तर 5:4, म्हणून 500 चा स्वर गंधार ठरतो. गंधाराची तार नसतानाही उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो, तो असा!

पण उपस्वर इतके ठळक का होतात? कंप पावताना तार जवारीच्या बाकावर टेकते आणि सुटते. त्यामुळे टेकण्याची जागा पुढेमागे सरकत राहते आणि कंपनातील ऊर्जा उपस्वरांकडे वळते. तारेच्या ज्या बिंदूवर एखाद्या उपस्वराचा निस्पंद असतो, तेथेच तार छेडली तर तो उपस्वर उमटू नये, असा नियम आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली दाखवून दिले, की तंबोऱ्यात असे उपस्वरही स्पष्ट उमटतात. ही किमया घोडीची.

प्रयोग करून पाहा. गुरुजींच्या परवानगीने एका तारेखालचा दोरा पूर्ण बाजूला करा व तार छेडा. मग तो पुन्हा तारेखाली घालून केसभर पुढेमागे सरकवत छेडत राहा. एका नेमक्या जागी आवाज एकदम खुलेल. त्या जागेच्या थोडे अलीकडे-पलीकडे गेलात की तो पुन्हा मिटेल.

दोरा कितीही सरकवला तरी आवाज खुलत नसेल, तर जवारी झिजली असे समजावे. तारेच्या घर्षणाने माथ्यावर बारीक चर पडतात आणि बाक बिघडतो. मग कारागीर कानशीने माथा थोडासा घासतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जास्त घासले गेले तर ते भरून काढता येत नाही, म्हणून हे काम घरी करू नये. मिरजेतील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ते करीत आले आहेत. तेथील सतार व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

बाक किती द्यायचा, हे त्यांना कोण सांगते? मोजपट्टी नव्हे, त्यांचा कान. तुमच्या शाळेत एखादा मुका तंबोरा कोपऱ्यात पडून असेल, तर तो टाकून देण्यापूर्वी त्याच्या घोडीकडे एकदा नीट पाहा.