नकार कुणाचा, ते आधी विचार

यवतमाळ

चि. मुग्धास,

झरी-जामणीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाल्यापासून तुला छळणारा प्रश्न तू आडपडदा न ठेवता विचारलास, हे फार बरं केलंस. आठवा-नववा महिना, रक्तदाब चढलेला, लघवीत प्रथिनं, अंगावर सूज, आणि बाई यवतमाळच्या मेडिकलला जायला तयार नाही. उद्या तिला झटके आले किंवा पोटातलं बाळ दगावलं तर जबाबदार कोण? ‘आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ अशी सही घेतली की आपण मोकळे, असं तुला सहकारी सांगतात. वकील म्हणून मी तुला कायदा सांगते. पण त्या सहीने तू मोकळी होतेस, हे मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हेच या पत्रात सांगायचं आहे.

सज्ञान, शुद्धीवर असलेल्या आणि सांगितलेलं समजू शकणाऱ्या माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे. २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितलं. बाई गरोदर आहे म्हणून हा हक्क आटतो, असं आपल्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तिला बळजबरीने गाडीत घालणं, दमदाटी करून सिझर करणं, ‘बाळाला काही झालं तर पोलिसात देईन’ किंवा ‘अनुदान मिळणार नाही’ असं धमकावणं, यातलं काहीच तुझ्या अधिकारात येत नाही. ती बेशुद्ध असेल, विचारायला कुणी नसेल आणि वेळ नसेल, तर सद्भावनेने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० संरक्षण देतं. पण ते कलम विचारणंच शक्य नसतं तेव्हासाठी आहे. जी समोर बसून नाही म्हणते आहे, तिच्यासाठी ते वापरता येणार नाही. कळा सुरू झाल्या म्हणून बाईची समजही गेली, असं धरून चालू नकोस.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे ये. नकाराचे हे कागद नीट वाचलेस तर दिसेल की बहुतेक वेळा सही नवऱ्याची असते, नाहीतर सासऱ्याची किंवा भावाची. बाईचा अंगठा असलाच तर खाली कुठेतरी. मग हा नकार कुणाचा? २००८ चा समीरा कोहली खटला तू अभ्यासात वाचला असशील. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका सज्ञान स्त्रीच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. तातडीचा धोका नसताना आईची संमती ही रुग्णाची संमती होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. या निकालाकडे सहसा डॉक्टरला आवरणारा म्हणूनच पाहिलं जातं. मला तो दोन्ही बाजूंनी चालणारा वाटतो. नातेवाइकाच्या होकाराने बाईवर शस्त्रक्रिया करता येत नसेल, तर नातेवाइकाच्या नकाराने तिची शस्त्रक्रिया अडवताही येऊ नये. ती ‘न्या मला’ म्हणत असेल आणि नवरा ‘नाही’ म्हणत असेल, तर कायद्यापुढे तिथे नकार झालेलाच नाही. १०८ बोलाव आणि पाठव. २०२२ साली गर्भपाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी धरली आणि घरच्यांच्या संमतीचा आग्रह धरणाऱ्या डॉक्टरांना चुकीचं ठरवलं. तरीही सवय मोडत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत संमती कुणाची घ्यायची हे सांगणाऱ्या वाक्यात आधी पती किंवा पत्नी येतात, मग पालक, आणि सगळ्यात शेवटी स्वतः रुग्ण. आपल्या दवाखान्यांत तोच क्रम घट्ट बसला आहे. तू तुझ्या केंद्रापुरता तो उलटा कर. बाईला पडद्याआड घे, नवरा आणि सासूला बाहेर बसव, आणि तिला एकटीला विचार. अठरा वर्षांखालची मुलगी असेल तर कायद्याला पालकांची संमती लागते आणि पोक्सोखाली कळवणं तुला बंधनकारक आहे. पण विचारायचं तिलाही.

तू म्हणशील, इथे जीव एक नाही, दोन आहेत. हा आक्षेप हलका नाही. नऊ महिने भरत आलेल्या बाळाचं मोल मी शून्य धरत नाही, आणि कायदाही धरत नाही. गरोदर बाईवर जीवघेणा हल्ला करून पोटातलं बाळ मारणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण परक्याच्या हल्ल्यापासून बाळाला वाचवणं वेगळं आणि बाळासाठी आईचं पोट तिच्या मनाविरुद्ध उघडणं वेगळं. जन्मलेल्या, हसत्याखेळत्या लेकराला मूत्रपिंड हवं असेल तरी कुठलंही न्यायालय बापाला ते द्यायला भाग पाडत नाही. मग न जन्मलेल्यासाठी आईवरच सक्ती कशी करायची? इंग्लंडमध्ये अगदी तुझ्याच प्रश्नासारखं प्रकरण घडलं. छत्तीस आठवड्यांच्या गरोदर बाईचा रक्तदाब वाढला होता आणि ती उपचार नाकारत होती. तिला मानसिक आरोग्याच्या कायद्याखाली डांबून, न्यायालयाचा आदेश आणून सिझर केलं. १९९८ साली वरिष्ठ न्यायालयाने ते सगळं बेकायदा ठरवलं. अमेरिकेत वॉशिंग्टनला १९८७ साली कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या अँजेला कार्डरवर न्यायालयाच्या हुकमाने सिझर झालं. बाळ काही तासांत गेलं आणि ती दोन दिवसांत. तो हुकूम १९९० मध्ये रद्द झाला, पण त्याचा तिला काय उपयोग? आणि आपल्या शेजारच्या बेळगावची सविता हलप्पनवार तुला आठवत असेल. गर्भपात अटळ होता, ती स्वतः उपचार मागत होती, तरी बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून आयर्लंडमध्ये ते नाकारले गेले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ती जंतुसंसर्गाने गेली. आई आणि गर्भ यांना कायद्याने समोरासमोर उभं केलं की काय होतं, ते त्या देशाने पाहिलं आणि २०१८ च्या सार्वमतात तसं उभं करणारं घटनेतलं कलमच काढून टाकलं.

दुसरा आक्षेप मला जास्त खुपतो, कारण तो आपल्या जिल्ह्यात सर्रास ऐकू येतो: या कोलाम पोडांवरच्या आणि तांड्यांवरच्या बायांना कळत नाही, म्हणून त्यांच्या वतीने आपणच ठरवायचं. कळत नाही असं म्हणण्याआधी तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलं का, ते बघ. कोलामीत सांगणारी आशाताई किंवा घरची बाई शेजारी बसव. उपचार न घेतल्यास काय होईल, दुसरा पर्याय कोणता, हेही सांगायला हवं, असं समीरा कोहलीच्या त्याच २००८ च्या निकालात म्हटलं आहे. ‘बीपी जास्त आहे, यवतमाळला जा’ एवढं म्हटल्याने ते होत नाही. शिवाय त्यांच्या भीतीला आधार आहे. १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत करणारी विधानसभा आपलीच होती. ते अंमलात आलं नाही, पण दवाखान्यात गेलं की ‘ऑपरेशन करून टाकतात’ ही धास्ती राहिली. आपल्याच घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरीला, ३१ जानेवारी २०२१ रोजी बारा लेकरांच्या तोंडात पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर गेलं. मुलं सुदैवाने वाचली. त्या गावातली आई पुढच्या वेळी दोनदा विचार करत असेल, तर तिला अडाणी म्हणायचं? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या बायांनी उपचार नाकारले नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

एकटीला विचारलंस की नकाराची कारणं बाहेर येतील. वेचणीचे दिवस आहेत, कापूस फुटून उभा आहे, रोज बुडतो. घरी दोन लहान पोरं आहेत, त्यांना कोण बघेल? सोबत येणाऱ्या माणसाने खायचं काय, परतायचं कसं? यातली काही कारणं तुझ्या हातात आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतपण, सिझर, रक्त, औषधं, बाईचं जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. पण ‘फुकट आहे’ हे ऐकलेली बाई आणि गाडी खरोखर दारात आलेली पाहिलेली बाई, यांच्या उत्तरात फरक पडतो. आदिवासी भागासाठी माहेरघराची योजना आहे ती याचसाठी, की तारखेच्या आधीच मुलासकट येऊन राहता यावं. यातलं काही न करता घेतलेला नकार तिचा म्हणवत नाही. आपण पर्याय काढून घेतले आणि उरलेल्यावर तिचा अंगठा घेतला, एवढंच झालं.

म्हणजे तिच्यावर नैतिक जबाबदारी काहीच नाही का? आहे. बाळ हवं म्हणून वाढवणाऱ्या आईने त्याच्यासाठी थोडं सोसावं ही अपेक्षा रास्त आहे, आणि तू ती तिला स्पष्ट शब्दांत बोलूनही दाखव. ‘बाई, तू चुकते आहेस असं मला वाटतं’ हे म्हणणं म्हणजे सक्ती नाही. पण दोष ज्याच्या-त्याच्या मोकळीकीच्या मापाने लावायचा असतो. पैसा, गाडी आणि निर्णय ज्याच्या हातात होते, तो नवरा तिच्याहून जास्त जबाबदार आहे. गाडी न पाठवणारी यंत्रणा त्याहूनही जास्त.

तुझ्या स्वतःच्या भीतीबद्दलही बोलते, कारण घाबरलेला डॉक्टर एकतर सक्ती करतो किंवा हात झटकतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी गुन्हा ठरायला घोर निष्काळजीपणा लागतो. तुझं खरं संरक्षण सविस्तर नोंदीत आहे. कोणत्या भाषेत, कुणाच्या मदतीने, काय सांगितलं, तिने काय कारण दिलं, तू कोणता पर्याय दिलास, पुन्हा भेट कधी ठरली, हे सगळं वेळेसकट लिही. मग दुसऱ्या दिवशी आशाताईला तिच्या घरी पाठव आणि रक्तदाब बघायला लाव. सही घेतल्यावर पाठपुरावा थांबला, तर निष्काळजीपणा तिथे सुरू होतो.

आणि एक गोष्ट आजच तुझ्या नर्सला, शिपायाला आणि गाडीच्या चालकाला सांगून ठेव. सकाळी नाही म्हणून गेलेली बाई रात्री दोन वाजता परत आली, तर ‘तेव्हा सही करून गेली होतीस ना?’ असं तिला कुणीही विचारायचं नाही. नकार कधीही मागे घेता येतो, आणि तातडीच्या रुग्णाला उपचार देणं १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे. तिला आत घ्या, आधी झटके रोखणारं इंजेक्शन द्या, मग गाडी बोलवा.

तुझी मावशी